वेदना, औषध आणि मात्रा

जन्मापासून अखेरच्या श्वासापर्यंत देहाच्या सोबतीला राहणारी, आणि तरीही कधी आपलीशी न वाटणारी अशी जर कोणती गोष्ट असेल, तर ती वेदना होय. तिचा परिहार करावा असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्या परिहाराचे साधन आज पूर्वी कधी नव्हते इतके सुलभ झाले आहे. घरातील फडताळात, प्रवाशाच्या पिशवीत, कचेरीतील मेजाच्या खणात, फार काय खेड्यातील किराणा दुकानातही पॅरासिटामॉलच्या गोळ्यांचे पाकीट हटकून सापडते. डोके दुखले, अंग मोडून आले, थोडी कणकण वाटली, की हात आपोआप तिकडे वळतो. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात काही धर्माधर्माचा विचार संभवतो, हे कोणाच्या मनातही येत नाही.

परंतु गीतेचा वाचक असे म्हणू शकणार नाही. आहार किती घ्यावा, निद्रा किती असावी, तप कसे करावे, सुख कोणते खरे मानावे, अशा नित्याच्या प्रश्नांचा ऊहापोह भगवंतांनी मुद्दाम केला आहे. ज्या ग्रंथाने अन्नाच्या ताटापर्यंत विवेकाचा दिवा नेला, त्याच्या प्रकाशात औषधाच्या गोळीकडे पाहणे अप्रस्तुत ठरू नये. तेव्हा प्रश्न असा : वेदना सोसावी की शमवावी? आणि शमवावी म्हटले, तर कोठपर्यंत?

या प्रश्नाला पहिले उत्तर सामान्यतः असे दिले जाते की, गीतेचा उपदेश तितिक्षेचा आहे. दुसऱ्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात शीत-उष्ण आणि सुख-दुःख ही येणारी-जाणारी आहेत, ती सहन कर, असे भगवंतांनी अर्जुनाला सांगितले आहे. मग औषध घेणे हा दुबळेपणाच नव्हे काय? हे उत्तर ऐकायला धीरोदात्त वाटते, पण ते अर्धवट आहे. तितिक्षा म्हणजे दुःखाने बुद्धी ढळू न देणे. दुःख जोपासणे असा तिचा अर्थ नाही. याच गीतेच्या सतराव्या अध्यायात, जे अविचाराने शरीराला क्लेश देतात त्यांचा निश्चय आसुरी म्हटला आहे, आणि मूढ आग्रहाने स्वतःला पिडून केलेले तप तामस ठरविले आहे. ज्वराने फणफणलेल्या माणसाने, औषध उशाशी असताना, केवळ व्रताच्या अभिमानाने ते नाकारले, तर ती तितिक्षा नसून अहंकाराचेच एक रूप होय.

आणखी एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. तितिक्षा हा स्वतःला करावयाचा उपदेश आहे, दुसऱ्याला नव्हे. आपले दुःख आपण सोसणे हे धैर्य. पण तापाने तळमळणाऱ्या मुलाला, प्रसूतीनंतर कण्हणाऱ्या सुनेला, दिवसभर ओझी वाहून पाठ धरून बसलेल्या हमालाला ‘सोसावे, गीता तेच सांगते’ असे म्हणणे हे शुद्ध नैष्ठुर्य होय. बाराव्या अध्यायातील भक्त सुखदुःखात सम आहे, परंतु तोच सर्व भूतांविषयी करुणही आहे. स्वतःच्या बाबतीत समता आणि दुसऱ्याच्या बाबतीत करुणा, हे दोन्ही एकत्र धरले तरच त्या लक्षणाचा अर्थ लागतो. म्हणून औषध वर्ज्य नाही. किंबहुना योग्य प्रमाणात घेतलेले पॅरासिटामॉल हे वैद्यकातील अत्यंत सुरक्षित औषधांपैकी एक आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याला स्थान आहे. वाद औषधाशी नाही. वाद मात्रेशी आहे.

‘मात्रा’ हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. वर उल्लेखिलेल्या श्लोकात भगवंतांनी सुखदुःखाचे कारण सांगताना ‘मात्रास्पर्श’ असा शब्द वापरला, आणि श्रीमत् शंकराचार्यांनी त्यातील मात्रा म्हणजे ज्यांच्या योगाने शब्दादी विषय मोजले जातात ती इंद्रिये, असा अर्थ केला. इंद्रिये ही मापे आहेत. वेदनाही असेच एक माप आहे. देहात कोठे काय बिघडले आणि किती बिघडले, हे ती सांगते. आपल्या भाषेत मात्रा म्हणजे औषधाचे प्रमाणही. एक मात्रा देहाची खबर देणारी आणि दुसरी त्या खबरेला शांत करणारी. दुसरीचा अतिरेक झाला की पहिली मुकी होते, हाच सर्व अनर्थाचा उगम आहे.

वेदना मुकी झाली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या देशातच घडलेले आहे. १९४६ साली वेल्लोर येथील वैद्यकीय महाविद्यालयात आलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी महारोग्यांच्या हातापायांचा बारकाईने अभ्यास केला. बोटे झडतात ती रोगाने मांस कुरतडल्यामुळे, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले की, रोगाने मज्जातंतूंची संवेदना नाहीशी होते, त्यामुळे चटका, चीर, खिळा यांची जाणीवच होत नाही, आणि अशा न जाणवलेल्या जखमा चिघळून अवयव नष्ट होतात. वेदना हा देहाचा पहारेकरी आहे. तो फारच आरडाओरडा करू लागला तर त्याला क्षणभर शांत बसवावे. पण त्याला कायमचा निजवून दार उघडे टाकणारा गृहस्थ शहाणा म्हणता येणार नाही.

आता या औषधाची हकीकत थोडक्यात पाहू. हार्मन मोर्स या रसायनशास्त्रज्ञाने १८७८ साली अमेरिकेत पॅरासिटामॉल प्रथम तयार केले. पण त्याचे महत्त्व पुढे सुमारे ७० वर्षे कोणाच्या ध्यानी आले नाही. त्या काळात अ‍ॅसिटानिलाइड आणि फेनासेटिन ही त्याची दोन भावंडे बाजारात मिरवत होती. १९४८ साली बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांनी असे दाखविले की, अ‍ॅसिटानिलाइड पोटात गेल्यावर शरीरात त्याचे पॅरासिटामॉल बनते आणि खरा गुण येतो तो त्याचाच. त्यानंतर १९५५ साली अमेरिकेत आणि १९५६ साली ब्रिटनमध्ये ते विक्रीस आले. १९६६ साली एडिंबरो येथील डेव्हिडसन व ईस्टहॅम या डॉक्टरांनी अतिमात्रेमुळे यकृताचा नाश झालेले रुग्ण नोंदविले, आणि या सौम्य दिसणाऱ्या औषधाची दुसरी बाजू जगापुढे आली.

अठराव्या अध्यायाच्या पंचविसाव्या श्लोकात तामस कर्माचे जे लक्षण दिले आहे, ते या संदर्भात फार मननीय आहे. अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष या चार गोष्टींकडे न पाहता केवळ मोहाने आरंभिलेले कर्म ते तामस, असा त्याचा आशय आहे. गोळी घेणे हेही एक कर्मच. तेव्हा या चार कसोट्या त्याला लावून पाहू.

पहिली कसोटी अनुबंधाची, म्हणजे मागाहून येणाऱ्या परिणामाची. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेचा विशेष असा की, पहिल्या दिवशी बहुधा काहीच जाणवत नाही. थोडी मळमळ, एखादी ओकारी, क्वचित घाम. कित्येकदा तेवढेही नाही. मनुष्य चालतो, बोलतो, ‘मला काही झाले नाही’ असे सांगतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखू लागते, डोळे पिवळे होतात, आणि तोपर्यंत यकृताची हानी फार पुढे गेलेली असते. वेदना मारणाऱ्या औषधाने केलेला घात वेदनेवाचून सुरू होतो, ही केवढी चमत्कारिक गोष्ट! आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे असणारे सुख गीतेने राजस म्हटले आहे. त्या वचनाचा इतका शब्दशः पडताळा क्वचितच मिळत असेल. यावर उतारा आहे, आणि अतिमात्रेनंतर पहिल्या आठ तासांच्या आत दिल्यास तो जवळजवळ निश्चित गुणकारी ठरतो. म्हणूनच चुकून जास्त गोळ्या पोटात गेल्याचे लक्षात येताच, बरे वाटत असले तरीही, लक्षणांची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे. बरे वाटणे हा येथे पुरावा नव्हे.

दुसरी कसोटी क्षयाची. या औषधाचा बराच मोठा भाग यकृत निरुपद्रवी करून मूत्रावाटे बाहेर टाकते. थोड्याशा भागाचे मात्र एक विषारी द्रव्य बनते, आणि ग्लुटाथायोन नावाचे यकृतातील एक द्रव्य त्याला तेथल्या तेथे बांधून टाकते. ही यंत्रणा १९७३ च्या सुमारास अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी उलगडली. पण ग्लुटाथायोनचा साठा मर्यादित आहे. खर्च भरून येण्याला अवधी मिळाला तर सर्व ठीक. अवधी न देता मात्रेवर मात्रा चढविली तर साठा संपतो, आणि मोकळे राहिलेले विष यकृताच्या पेशींवरच तुटून पडते. वर सांगितलेला उतारा, म्हणजे अ‍ॅसिटिलसिस्टीन, हा साठा पुन्हा भरून देण्याचेच काम करतो. ईश्वराने देहात ठेवलेली ही पुंजी आहे. ती आहे हे ठाऊक नसल्यामुळेच आपण ती बेफिकिरीने उधळतो.

तिसरी कसोटी हिंसेची. हिंसा म्हणजे केवळ दुसऱ्याला केलेली इजा नव्हे. आपल्या विश्वासावर असलेल्या कोणाही जीवाला आपल्या निष्काळजीपणाने झालेली इजा ही हिंसाच. मुलाचा ताप उतरत नाही म्हणून आईने औषध पाजावे, थोड्या वेळाने आजीने, आणि रात्री कामावरून आलेल्या वडिलांनी पुन्हा, असे प्रेमळ घरांतूनच घडते. मुलाची मात्रा त्याच्या वजनावर ठरते, चमच्याच्या अंदाजावर नव्हे. निरनिराळ्या बाटल्यांतील औषधाची तीव्रता निरनिराळी असते, हेही पुष्कळांना माहीत नसते. प्रेम हे ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही. घरात औषध एकाच्याच हातून दिले जावे आणि वेळ लिहून ठेवावी, एवढ्या साध्या शिस्तीत अहिंसेचे पालन होते.

चौथी कसोटी पौरुषाची, म्हणजे आपल्या सामर्थ्याची. निरोगी प्रौढाला चोवीस तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा मानली जाते. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या झाल्या की ती जवळजवळ भरते. आणि ही कमाल आहे, नित्याचे प्रमाण नव्हे. कृश, कुपोषित, वृद्ध, यकृताचा विकार असलेला किंवा नित्य मद्य घेणारा यांना ती तेवढीही नाही. दीर्घ उपवासाने ग्लुटाथायोनचा साठा उणावतो, हे व्रतस्थ वाचकांनी ध्यानात ठेवावे. लागोपाठ दिवस अन्न नाही आणि डोकेदुखीसाठी वरचेवर गोळी, हा संयोग धोक्याचा आहे. फार खाणाऱ्याला योग नाही तसा मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, असे सहाव्या अध्यायात सांगितले आहे. तेथील उपदेश येथे वैद्यकाच्या भाषेत पुन्हा भेटतो.

येथे कोणी शंका घेईल की, एवढ्या गोळ्या जाणूनबुजून घेतो कोण? हा धोका थोड्या अविचारी लोकांपुरताच असावा. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, अकस्मात यकृत निकामी झालेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के रुग्णांच्या बाबतीत पॅरासिटामॉल हे कारण आढळले, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी ते अजाणता जास्त घेतले होते. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीत पॅरासिटामॉल, तापाच्या गोळीत तर ते आहेच; नावे तीन, द्रव्य एक. घेणाऱ्याला वाटते आपण तीन औषधे थोडी थोडी घेतली. यकृताला मात्र एकच औषध तिप्पट पोचते. एडिंबरो येथील रुग्णांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर असे दिसले की, एकदम पुष्कळ घेणाऱ्यांपेक्षा कित्येक दिवस मर्यादेपेक्षा थोडे थोडे जास्त घेत राहिलेल्यांचा शेवट अधिक वाईट झाला. भारतात अशा यकृतनाशाचे मुख्य कारण विषाणुजन्य कावीळ हे आहे. परंतु या काविळीचा आरंभही पुष्कळदा तापाने आणि अंगदुखीनेच होतो, आणि तेव्हा आपण पहिल्याने उचलतो ती हीच गोळी. म्हणून आपल्याकडे सावधगिरीची गरज कमी नाही, जास्तच आहे.

आतापर्यंत व्यक्तीच्या विवेकाचा विचार झाला. परंतु मनुष्य गोळी का घेतो, हा प्रश्न राहतोच, आणि तो केवळ व्यक्तीचा नाही. स्वीडनमधील हुस्कवार्ना या कारखान्यांच्या गावी १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तेथील एका डॉक्टरने फेनासेटिन, फेनाझोन आणि कॅफिन यांची एक पूड रुग्णांना दिली. साथ ओसरली, पण पूड राहिली. तिने तरतरी येते, काम झपाट्याने उरकते, असा कामगारांचा अनुभव होता. ती नित्याची झाली, लोक सणावारी एकमेकांना तिची पाकिटे भेट देऊ लागले. काही दशकांनी त्या गावात मूत्रपिंडे निकामी होऊन माणसे मरत असल्याचे दिसले, आणि ग्रिमलुंड या डॉक्टरांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या पुडीचा संबंध उघड झाला. ऑस्ट्रेलियात गृहिणी आणि कामगार स्त्रिया अशाच पुड्या चहाबरोबर घेत असत. मेलबर्न येथील डॉ. प्रिसिला किंकेड-स्मिथ यांनी त्यांचा मूत्रपिंडावरील परिणाम दाखवून दिला, आणि १९७९ साली त्यांच्या खुल्या विक्रीवर निर्बंध आले. त्यानंतर तो विकार ओसरत गेला.

हुस्कवार्नाचे कामगार विलासी नव्हते, आळशी तर नव्हतेच. ते काम करीत राहता यावे म्हणून पूड घेत होते. पण ज्या कामासाठी देहाची खबर रोज दाबून टाकावी लागते, ते काम कर्मयोग या नावाला पात्र आहे काय? अतिशय आयासाने केलेले कर्म गीतेने राजस म्हटले आहे, सात्त्विक नव्हे. आणि जो मालक, जे घर, जो समाज दुसऱ्याला असे राबवितो, त्याची जबाबदारी त्या पुडीच्या पाकिटावर ढकलता येत नाही. आपल्या घरातील स्त्री रोज सायंकाळी गोळी घेऊन स्वयंपाकाला उभी राहत असेल, तर तिला गोळीचे दुष्परिणाम समजावून सांगणे हे आपले पहिले कर्तव्य नव्हे. तिच्या हातातील काम आपण घेणे हे होय. रोजंदारी बुडेल या भयाने जो मजूर दुखणे दाबून कामावर येतो, त्याला एका दिवसाची पगारी विश्रांती देणे हे औषधापेक्षा मोठे औषध आहे. लोकसंग्रह तो हाच.

राज्याच्या कायद्यालाही येथे स्थान आहे. ब्रिटनमध्ये १९९८ साली औषधालयातील पॅरासिटामॉलच्या पाकिटात ३२ आणि इतर दुकानांतील पाकिटात १६ पेक्षा अधिक गोळ्या नसाव्यात असा नियम झाला, आणि पुढील वर्षांत या औषधाच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटले. क्षणाच्या आवेगात बुद्धी झाकोळते तेव्हा एक लहानसा अडसरही मनुष्याला सावरण्याइतका वेळ मिळवून देतो. संयम ही व्यक्तीची साधना खरी, पण तिला अनुकूल अशी कुंपणे घालणे हे समाजाचे काम आहे.

मग गीतेच्या उपासकाने करावे काय? उत्तर साधे आहे, आणि ते ‘युक्त’ या एका शब्दात आलेले आहे. वेदना आली म्हणजे प्रथम तिचे म्हणणे ऐकावे : झोप कमी झाली काय, पाणी कमी पडले काय, डोळ्यांवर ताण आला काय, मनात काही सलते आहे काय? तिचे कारण दूर होण्यासारखे असेल तर ते दूर करावे. तसे नसेल, किंवा दुःख फार असेल, तर संकोच न करता गोळी घ्यावी. पण पाकिटावरील द्रव्याचे नाव वाचून, दोन मात्रांत ठरलेले अंतर ठेवून आणि दिवसाची मर्यादा मोजून. दुखणे तीन दिवसांत न हटले, तर चौथ्या दिवशी गोळी बदलू नये, डॉक्टर गाठावा. मुलांची मात्रा विचारून द्यावी. मद्य घेणाऱ्याने आणि दीर्घ उपवास करणाऱ्याने विशेष जपावे.

आणि गोळी घेताना स्वतःला एकच विचारावे : ही मी बरे होण्यासाठी घेत आहे, की देह काय सांगतो ते ऐकू येऊ नये म्हणून? पहिल्या हेतूने घेतलेले औषध हे यज्ञशेषासारखे निर्दोष आहे. दुसऱ्या हेतूने घेतलेले औषध, मर्यादेत असले तरी, मर्यादा ओलांडण्याच्या वाटेवर आहे. हा प्रश्न ज्याने एकदा प्रामाणिकपणे विचारला, त्याचा हात पाकिटाकडे जाताना क्षणभर थांबेल. पुष्कळदा तेवढा क्षण पुरतो.